योकिचीचा पेला

साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, वास इसोएला लहानपणापासून नकोसा होता. आमच्या कुरोहामा बंदरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिचा बाप तोराझो संध्याकाळी कुठल्या बोळात पडला आहे हे शोधायला घरातून तिलाच पाठवायचे. पायात आईचे मोठाले रबरी बूट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अशी ती सहा-सात वर्षांची पोर बर्फातून फटक फटक करत यायची आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून नाक वर करायची. बाप डोळ्यांना दिसायच्या आधी तिला वासानं सापडायचा. मग जवळ जाऊन ती म्हणायची, "बाबा, चला. भात निवतोय." आणि तो मुकाट उठायचा. मारहाण, आरडाओरडा असलं त्यानं कधी केलं नाही. नुसता प्यायचा आणि जिथं असेल तिथं आडवा व्हायचा.

तो काही जन्माचा दारुडा नव्हता. तो आणि त्याचा धाकटा भाऊ योकिची एकाच बोटीवर माकुल धरायला जायचे. योकिची एकोणीस वर्षांचा, ताडमाड उंच, सुळासारखे दोन दात पुढे, आणि वल्ही मारतानासुद्धा गाणं म्हणणारा. थोरल्यानं त्याला सांगून ठेवलं होतं, "नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी तुझा पहिला पेला मी माझ्या हातानं भरीन. तोवर कुणी पाजली तर घ्यायची नाही." योकिची ते पाळत होता. डिसेंबरातल्या एका पहाटे, बंदराचा दिवा समोर दिसत असताना, आडवी लाट आली. बोट वाचली, तोराझो वाचला, योकिची गेला. त्याचं काही म्हणजे काही सापडलं नाही, टोपीसुद्धा नाही.

नव्या वर्षाच्या सकाळी तोराझोनं दोन पेले भरले. स्वतःचा प्यायला. समोरच्याकडे बराच वेळ बघत बसला, मग तोही प्यायला. त्यानंतर तो थांबलाच नाही.

इसोए बावीसची झाली तेव्हा तिला शिगेहारूचं स्थळ आलं. मासे कापण्यात तरबेज, बोलण्यात अगदी मठ्ठ, मनानं सरळ. अडचण एकच. त्याच्या आईचं, तानेचं, बंदरावर खाण्यापिण्याचं दुकान होतं. दारावर निळा कापडी पडदा, आत बारा माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढी जागा.

"दारूच्या घरात माझी मुलगी देणार नाही!" तोराझो गरजला. गरजताना त्याला धड बसता येत नव्हतं. शेजारपाजारचे फिसकन हसले. इसोए हसली नाही.

ती स्वतःच तानेकडे गेली आणि म्हणाली, "मी स्वैपाक करीन, भांडी घासीन, पहाटे उठून मासळी आणीन. पण साकेला हात लावणार नाही आणि ओठ तर मुळीच नाही."

तानेनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मला सून हवी आहे, गिऱ्हाईक नको," ती म्हणाली. "प्यायला इथं माणसं पुष्कळ येतात."

असं ते लग्न झालं.

तानेच्या दुकानात साके गरम करायचं काम तानेच करायची. तिच्या बसायच्या जागेशेजारी निखाऱ्यांवर एक तांब्याचं घंगाळ मांडलेलं असायचं, त्यात गरम पाणी, आणि त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या चिनी मातीच्या सुरया. ती गप्पा मारत असायची, कुणाला टोमणे मारत असायची, आणि मध्येच हात घालून एक सुरई उचलायची, तिच्या बुडाला मधलं बोट लावायची आणि म्हणायची, "हं, झालं." कधी म्हणायची, "अजून नाही." गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ती त्याच्याकडे बघून ठरवायची. समुद्रावरून आत्ताच आलेल्याला जरा कढत. बायकोशी भांडून आलेल्याला कोमट. इसोए हे सगळं स्वैपाकाच्या ओट्यावरून बघायची आणि तोंडानं श्वास घ्यायची.

तिसऱ्या हिवाळ्यात ताने दारातच बर्फावर घसरली आणि मनगट मोडून बसली. दुकान बंद ठेवायचं तर हंगाम ऐन भरात, खेकड्यांचे दिवस. शिगेहारू कापण्या-भाजण्यातून डोकं वर काढू शकत नव्हता. घंगाळापाशी इसोएला बसावं लागलं.

पहिल्याच संध्याकाळी मोहेईनं पेला खाली ठेवला. मोहेई बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि त्याची रोजची जागा भिंतीकडची. "सूनबाई," तो म्हणाला, "हे साके आहे की पोराच्या आंघोळीचं पाणी?"

इसोएनं सुरई परत पाण्यात घातली आणि जास्तच ठेवली.

"आता जीभ पोळली! बापावरचा राग माझ्यावर कशाला काढता?"

आपण काय बोलून गेलो ते मोहेईला कळलं, त्यानं खेकड्याचा पाय उगाच चोखत खाली मान घातली. गळ्यात हात बांधून कोपऱ्यात बसलेल्या तानेनं हे ऐकलं. दुकान मिटल्यावर तिनं विचारलं, "मीठ न चाखता आमटी करतेस का गं?"

"नाही."

"मग?"

"आई, माझ्यानं नाही होणार. घशाशी येतं."

थंडी कडक पडली तशी एका सकाळी ताने म्हणाली, "चल, मला एकटीला बसमध्ये चढता येत नाही. कुरात जायचंय." कुरा म्हणजे डोंगराच्या कुशीतलं ते जुनं पांढऱ्या भिंतींचं कोठार, जिथं आमच्या भागातलं साके बनतं. भात कापून झाला की वरच्या खेड्यांतली शेतकरी माणसं तिथं कामाला येतात आणि वसंतात परत जातात. त्यांचा मुखिया होता कानरोकु. बायकांनी आत पाऊल टाकायचं नाही ही जुनी रीत तो अजून पाळायचा, म्हणून सासू-सून अंगणातच उभ्या राहिल्या. नुकताच भात वाफवून झाला होता. छपराच्या फटींतून पांढरी वाफ उसासत बाहेर येत होती आणि वरून पडणारं बर्फ त्या वाफेत शिरताच नाहीसं होत होतं.

इसोएनं सवयीनं श्वास रोखला. पण श्वास किती रोखणार? शेवटी नाकानं आत घेतला आणि ती गोंधळली. बोळातला तो वास इथं नव्हता. इथं शिजलेल्या तांदळाचा वास होता, भाजलेल्या चेस्टनटचा होता, आणि त्याच्या आड कुठंतरी पिकलेल्या नासपतीचा. भर जानेवारीत, डोंगरात, नासपती कुठून आली?

कानरोकु बाहेर आला. त्याच्या हातात एक पांढरा पेला होता, तळाशी दोन निळी वर्तुळं काढलेला. "तानेसान, हात मोडला म्हणे. बरं झालं, थोडी विश्रांती मिळाली. हे बघा, आत्ता पिळतोय. आंबवलेल्या भाताच्या पिशव्यांवर अजून वजनही ठेवलेलं नाही. आपोआप गळतंय ते."

"मला नको, औषध चालू आहे," ताने म्हणाली. ते धादांत खोटं होतं. "सुनेला द्या."

इसोएनं पेला घेतला. आत दुधाळ, किंचित गढूळ पाणी होतं, तळाची निळी वर्तुळं त्यातून धुक्यातल्यासारखी दिसत होती. इवले इवले बुडबुडे उठून फुटत होते. कान जवळ नेला तर ऐकू येत होतं, चुर्र, चुर्र, अगदी बारीक. ते जिवंत होतं. तिला पेला परत द्यायचा होता. पण समोर म्हातारा हात जोडल्यासारखा उभा होता, त्याच्या भुवयांवर बर्फ साचलं होतं, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता, पेल्याकडे बघत होता, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभा असलेला माणूस बघतो तसा. तिनं डोळे मिटले आणि एक घोट घेतला.

पुढं कित्येक वर्षं इसोए हे सांगायचा प्रयत्न करायची आणि अडखळायची. आधी जिभेवर टोचलं. मग गोड झालं, आणि ते गोड लगेच पळालं. त्याच्या मागून तांदूळ आला, सबंध शेतातला तांदूळ. घशाखाली गेल्यावर सगळं संपलं असं वाटलं आणि मग तोंडात पाण्याची चव आली, डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्याची. पेल्यात भात आणि पाणी यांखेरीज काहीच नव्हतं हे तिला ठाऊक होतं. तरी ती त्या पेल्याकडे असं बघत राहिली की जणू कुणीतरी बंद मूठ उघडून आतून पक्षी काढून दाखवला.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबा हेच पीत होते?"

तानेनं थोडा विचार केला. "त्या वेळी मिळायचं ते पाणी घातलेलं आणि साखर ढवळलेलं. पण हे मिळालं असतं तरी तुझ्या बापानं चाखलं नसतं गं. तो प्यायचा ते विसरायला. विसरायचंच म्हटल्यावर चवीकडे कोण बघतो?"

कानरोकुनं पेल्यात उरलेलं साके बर्फावर ओतलं नाही, परत आत नेलं. इसोएनं ते पाहिलं.

त्या हिवाळ्यापासून घंगाळापाशी इसोएच बसू लागली. तानेचं मनगट बरं झालं तरी ती परत जागेवर बसली नाही. "आता मला ऊबेला बसू दे," म्हणाली. इसोए पिणारी झाली नाही. रोज जिभेवर थेंब थेंब घ्यायची, तेवढंच. पण ज्या नाकानं तिनं बाप शोधला होता ते नाक आता भलतंच काही शोधायला लागलं.

तिला कळत गेलं की साके हे एका वस्तूचं नाव नाही. तांदळाचा दाणा घासून घासून मोत्याएवढा उरवतात, त्याच्या साकेला कलिंगडाचा, फुलांचा सुवास येतो. ते गरम केलं तर रुसतं, त्याला थंडच ठेवावं. काही कुरांत अजून जुन्या पद्धतीनं, हवेतल्या जिवाणूंवर विसंबून, सावकाश आंबवतात. त्याला ताकासारखा आंबूस वास, थंड असताना ते तोंड वाकडं करून बसतं, आणि गरम केलं की आजोळच्या माणसासारखं मोकळं होतं. लाकडी पिंपात ठेवलेल्याला जंगलाचा वास. एकाच सुरईतलं साके थोड्या थोड्या ऊबेनं बदलत जातं, आणि त्या प्रत्येक पायरीला जुन्या लोकांनी नावं देऊन ठेवली आहेत: बर्फाचा गारवा, फुलाचा गारवा, उन्हाची ऊब, माणसाच्या अंगाची ऊब. ही नावं तिनं पहिल्यांदा तानेच्या तोंडून ऐकली तेव्हा ती हातातली सुरई तशीच धरून बसली होती.

"कुणी ठेवली ही नावं?"

"कुणीतरी तुझ्यासारखं ज्याला दुसरा उद्योग नव्हता," ताने म्हणाली. "सुरई काढ, उकळेल."

मोहेई आता तिच्याकडे बघून पेला पुढं करायचा आणि काय मागायचं ते बोलतच नसे.

इकडे इसोएची आई वारली, आणि त्या दिवसापासून तोराझोनं पिणं सोडलं. कुणी सांगितलं नाही, देवाला नवस केला नाही. अंत्यविधीत भटजींनी पुढं केलेला पेला त्यानं पालथा घातला तो घातलाच. जाळी विणायचं काम तो करायचा, महिनोन्महिने गाठी चुकायच्या, पुन्हा सोडून पुन्हा घालायचा. पण लेकीच्या दुकानाच्या वाटेनं तो कधी गेला नाही. मासळीबाजारात जायला तोच जवळचा रस्ता, तरी तो मागच्या टेकडीवरून वळसा घेऊन जायचा. नातवंडांना भेटायचं असलं की देवळाच्या अंगणात बोलवायचा. इसोएनंही आग्रह केला नाही. तिला वाटे, बाबांनी हा पडदा बाजूला सारला तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल.

अशी बरीच वर्षं गेली. आणि मग एका डिसेंबरात, दुपारी, दुकान उघडायला अजून वेळ होता तेव्हा पडदा बाजूला झाला आणि तोराझो आत आला. खांद्यांवर बर्फ, टोपी हातात.

ताने मुळा सोलत बसली होती. शिगेहारू मागं खेकडे उकडत होता. इसोएच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. बसू का?"

"बसा ना. चहा करते, जवाचा."

"चहा नको." तो घंगाळाकडे बघत राहिला. पाण्यावरून वाफ निघत होती. "परवा योकिचीचं शेवटचं श्राद्ध आहे. तेहतिसावं, तो गेला ते साल धरून. भटजी म्हणाले, यानंतर त्याचं नाव वेगळं घ्यायचं नाही. तो पितरांत मिसळून जाईल."

"हो. मला माहीत आहे. मी फुलं सांगून ठेवलीत."

"फुलांचं काय." तोराझोनं टोपी गुडघ्यावर ठेवली. "त्याचा एक पेला माझ्याकडं राहिलाय, इसोए. भरला होता मी. पण तो आला नाही आणि मग मीच प्यायलो. आता तो कायमचा जायला निघालाय तर त्याला त्याचा पेला द्यायला हवा. मला यातलं काही कळत नाही. एवढी वर्षं ढोसलं, पण चव म्हणून मी कधी बघितलीच नाही. तू शोधून दे."

इसोएनं सासूकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि तानेला ती दिसली. ताने म्हणाली, "बघतेस काय? गिऱ्हाईक आलंय."

मग इसोए घंगाळापाशी बसली. "बाबा, तुम्ही नुसता वास घ्यायचा," ती म्हणाली. "चाखायचं मी, आणि तुम्हाला सांगायचं. चालेल?"

"त्यासाठीच आलोय."

"काका कसे होते? मला फक्त त्यांचे दात आठवतात."

तोराझो हसला. इसोएला तो हसताना फार दिवसांत दिसला नव्हता. "दात आधी यायचे आणि मागून तो. खायला सुटला की थांबायचा नाही. कच्चं माकुल, आलं लावून. मुलींसमोर मात्र कान लाल व्हायचे."

तिनं आधी सुवासिक, फुलासारखं गार साके ओतलं. तोराझोनं पेला दोन्ही हातांत धरला आणि नाकाशी नेला. इसोए पेल्यावर नजर लावून बसली. त्यानं वास घेतला आणि पेला खाली ठेवला.

"हे कुणा सरदाराचं वाटतंय. पोरगा याच्यापुढं नीट मांडी घालून बसला असता आणि पायांना मुंग्या येऊन पडला असता."

दुसरं आंबूस, जुन्या पद्धतीचं. तिनं ते गरम करून दिलं. वाफ नाकात जाताच तोराझो मागं सरला. "हे माझ्या बापासारखं आहे. खोकत खोकत शिकवायला बसेल." मागं मुळा सोलता सोलता ताने खुदकन हसली.

पिंपातलं दिलं. "हा नव्या बोटीचा वास," तो म्हणाला आणि बराच वेळ तो पेला त्यानं सोडला नाही. पण मान हलवली. "बोटीचा नको."

मग इसोए उठली. कानरोकुनं आदल्या दिवशीच मोसमातली पहिली बाटली पाठवली होती, नुकतं गळलेलं, दुधाळ, चुरचुरणारं. हे तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिची खात्री होती. एकोणीस वर्षांचं पोर, गाणं म्हणणारं, लाजणारं. त्याच्यासाठी याहून दुसरं काय असणार? तिनं ते बर्फात खुपसून गार केलं आणि ओतलं. "याला कान लावा," ती म्हणाली.

तोराझोनं कान लावला. त्याचा चेहरा बदलला. त्यानं वास घेतला, पुन्हा कान लावला. डोळे भरून आले. "हो गं," तो म्हणाला, "हाच तो. अगदी हाच." इसोएनं बाटलीला हात घातला. पण तोराझो पेला तसाच धरून बसला, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "पण तो आता एकोणीसचा कुठं राहिलाय? एक्कावन्नचा झाला असता. केस पिकले असते त्याचे. मी म्हातारा झालो आणि त्याला मात्र मी पोरच ठेवलंय. पोरगा म्हणून पाठवलं तर तिकडं म्हातारी माणसं त्याला पाणी भरायला लावतील."

आत खेकड्यांचं पाणी उकळत होतं. एवढ्या वर्षांत इसोएनं आमच्या किनाऱ्यावरचं सगळं साके जिभेवर घेतलं होतं, पण जो माणूस वाढलाच नाही त्याच्या पिकल्या केसांसाठी काय ओतायचं?

ताने गुडघ्यांवर हात टेकून उठली. मागच्या खोलीत गेली, फरशीखालच्या कोनाड्याची फळी करकरली, आणि ती पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आली. "माझ्या सासऱ्यांनी ठेवलेली," ती म्हणाली. "लढाईनंतर पहिल्यांदा पोटभर भात पिकला त्या सालची. आधी म्हटलं मुलाच्या लग्नात उघडू, मग म्हटलं नातवाच्या. धीर झाला नाही. खराबही झालं असेल."

"आई, ही नको, ही तुमची..."

"मी आता किती दिवस राखू? आण तो पेला."

बूच चुरा होऊन निघालं. इसोएनं ओतलं आणि तिघंही पुढं वाकली. ते पाण्यासारखं नव्हतं. मधासारखं, नाही, जुन्या देवघरातल्या तांब्यावर संध्याकाळचं ऊन पडावं तसं होतं. वास आला तो एकदम नाही आला, खोलीत कुणी वडीलधारं शिरावं तसा सावकाश आला: वाळवलेल्या पर्सिमन फळाचा, अक्रोडाचा, काळ्या गुळाचा, आणि सगळ्यांत खाली पावसानंतरच्या जंगलातल्या अळंब्यांचा. नासपती, फुलं, ते चुरचुरणं, सगळं कधीकाळी यातही असणार. ते कुठं गेलं नव्हतं. ते वयात आलं होतं.

इसोएनं एक थेंब जिभेवर घेतला. सांगायचं सोडून तिनं पेला बापापुढं सरकवला. तोराझोनं तिच्याकडे पाहिलं, मग पेल्यात पाहिलं, आणि तिथंच, दुकानात, बायकांसमोर, टोपीत तोंड घालून रडला. भाऊ गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

"गरम करायचं का हे?" रडणं ओसरल्यावर त्यानं विचारलं. "तो थंडीत आहे."

"माणसाच्या अंगाइतकं करते," इसोए म्हणाली. बुडाला बोट लावून ती थांबली. या वेळी तिनं एकटीनं अंदाज घेतला नाही. बापाचा हात तिनं आपल्या हातात घेतला, त्याचंच बोट सुरईच्या बुडाला लावलं, आणि दोघांनी मिळून ठरवलं.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी तशीच गरम केलेली सुरई लोकरी मोज्यात घालून इसोएनं छातीशी धरली आणि बापलेक बंदराच्या बांधावर गेले. समुद्र करडा, ढगांत हिवाळ्याचा गडगडाट. तोराझोनं पेला काठोकाठ भरला. "योकिची," तो म्हणाला, "उशीर झाला. राग धरू नकोस. हे तुझ्या वयाचं नाही, तुझ्यापेक्षा थोडं मोठंच आहे, पण चांगलं आहे म्हणे." आणि त्यानं ओतलं. थंड हवेत त्या सोनेरी धारेतून वाफ उठली, पाण्याला टेकेपर्यंत ती वाफ दिसत होती, आणि लाटेवर तो वास क्षणभर तरंगला. इसोएनं साकेचे वास हजारदा घेतले असतील. बंदराच्या खाऱ्या वाऱ्यात पर्सिमनचा वास तिनं पहिल्यांदाच घेतला, आणि तिचे हात आपोआप जोडले गेले.

सुरईत थोडं उरलं होतं. तोराझोनं ती नाकाशी नेली. इसोएनं नजर वळवली नाही. त्यानं सुरई तिच्या हातात दिली. "हे तुझं. सावकाश पी. मी बघतो."

त्या दिवसानंतर तोराझोनं टेकडीवरून जाणं सोडलं. आधी नुसता दारातून डोकवायचा, मग आत येऊन बसायचा, मग त्यानं घंगाळाखालच्या निखाऱ्यांचं काम अंगावर घेतलं. कोळसे फोडायचे, राख सारायची, आच राखायची. लेक एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला, मध्ये जवाच्या चहाचा त्याचा जाडजूड पेला. पाण्यात जरा ऊब कमी वाटली की इसोए नुसती भुवई उचलायची आणि तो दोन कोळसे सरकवायचा. तानेनं शेवटपर्यंत त्याला आळशी म्हणून चिडवलं आणि तो शेवटपर्यंत तिला मालकीणबाई म्हणत राहिला.

एका हिवाळ्यात, कानरोकुच्या जागी त्याचा पुतण्या मुखिया झाला त्या वर्षी, नवं साके आलं होतं आणि दुकान गच्च भरलं होतं. मोहेईला दोन पेल्यांनी धीर आला. तो म्हणाला, "तोराझोसान, एक विचारू? रोज या वाफेत बसता. जीभ वळवळत नाही?"

"वळवळते की," तोराझो म्हणाला. "रोज."

"मग कसं निभतं?"

म्हाताऱ्यानं चिमट्यानं एक निखारा उलटा केला. "ही पोर सुरई काढून पहिला थेंब घेते ना, तेव्हा मी तिचं तोंड बघतो. आत काय आहे ते मला कळतं. आज बघ, नवं आलंय, आज तिच्या तोंडावर डोंगरातलं पाणी होतं. एवढं मला पुरतं."

मोहेई वळून इसोएकडे बघायला लागला, त्याच्यामागून बाकीचेही. तिचे कान लाल झाले. काहीतरी उलट बोलावं असं तिच्या मनात आलं, पण पाण्यातली सुरई तयार होत आली होती, आणि ती कुणासाठी थांबत नाही.